बोटावरचा आकडा

गेल्या महिन्यात आमच्या तात्यांना न्यूमोनिया झाला. तात्या म्हणजे माझे चुलते, वय 71. कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात होताच. तासातासाला तो त्यांच्या बोटाला लावायचा आणि 94 दिसले की आम्ही निर्धास्त! संध्याकाळी शेजारच्या अज्जी आल्या. तात्यांशी चार शब्द बोलून मला बाजूला घेतले आणि म्हणाल्या, "सर, अवरिगे दम्म हत्तैति. एक वाक्य सलग बोलवत नाही त्यांना आणि तुम्ही मशीन काय बघत बसलाय?"

मग घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला 32! मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 असतात. लगेच दवाखाना गाठला.

तिथे मास्क लावल्यावर आकडा 96 झाला. आमचे चेहरे खुलले. तरुण डॉक्टर मात्र म्हणाले, "सर, 96 खरे, पण किती ऑक्सिजनवर?" मी मराठी शिकवणारा माणूस, त्यांनी मला कागदावर गणितच मांडून दाखवले. साध्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के. निरोगी माणसाचे 97 भागिले 0.21, म्हणजे सुमारे 462. तात्यांना 40 टक्के ऑक्सिजन चालू होता. 96 भागिले 0.40, म्हणजे 240. हा भागाकार 315 किंवा त्याखाली असला आणि एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसे पांढरी दिसली, की डॉक्टर सावध होतात. आकडा 97 च्या वर असेल तर मात्र हे गणित भरवशाचे राहत नाही.

पूर्वी यासाठी मनगटाच्या धमनीत सुई घालून रक्त काढावेच लागे. ती सुई फार दुखते. फुफ्फुसाच्या गंभीर इजेची 2012 ची 'बर्लिन व्याख्या' त्या तपासणीवरच उभी होती. पण जिथे ती सोयच नाही तिथे काय करायचे? आफ्रिकेतल्या रवांडा देशात, किगालीमध्ये, डॉक्टरांनी बोटावरचा आकडा वापरून पाहिला आणि तो अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. 2024 मध्ये छापून आलेल्या नव्या जागतिक व्याख्येत तर बोटाचा आकडाही ग्राह्य धरला आहे. तालुक्याच्या दवाखान्यांसाठी ही मोठीच सोय म्हणायची. रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र या चिमट्याला कळत नाही. त्यासाठी अजूनही सुई लागते.

या चिमट्यामागची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, 1974 सालची. लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले रक्त ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. त्यावरून टक्केवारी निघते.

पण यंत्रही फसते. बोटे गार असली, नखांना गडद रंग असला, हात हलला, की आकडा चुकतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझरच्या धुराने गुदमरलेल्या माणसाचा आकडा चक्क चांगला दिसू शकतो, कारण यंत्राला कार्बन मोनॉक्साइड वेगळा ओळखता येत नाही. आणि आपल्यासाठी महत्त्वाचे म्हणजे त्वचेचा रंग. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात यंत्र 92 ते 96 दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तात 88 पेक्षा कमी ऑक्सिजन असल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत सुमारे 4 टक्के, तर कृष्णवर्णीयांत सुमारे 12 टक्के निघाले. सावळ्या माणसाचा 94 थोडा संशयानेच वाचलेला बरा.

तात्या अकराव्या दिवशी घरी आले. आता ऑक्सिमीटर लावायचा झाला तर आम्ही आधी त्यांचा हात चोळून गरम करतो, पाच मिनिटे शांत बसवतो, आकडा स्थिर झाल्यावर वहीत लिहितो आणि शेजारी मिनिटाचे श्वासही लिहितो. शिवाय अज्जी रोज येऊन त्यांच्याशी गप्पा मारतात. तात्या न थांबता भांडू लागले की त्या माझ्याकडे बघून मान डोलावतात!