काळ्या किनाऱ्यावर मुलांचा हात सोडू नका

आइसलंडच्या सहलीत एक ठिकाण ठरलेलंच असतं, रेनिसफ्याराचा काळा किनारा. राजधानी रेक्याविकपासून गाडीने साधारण अडीच तास, वीक या छोट्याशा गावाजवळ. हे बेटच मुळात ज्वालामुखींनी घडवलेलं, त्यामुळे वाळूसुद्धा लाव्हाच्या चुऱ्याची, कोळशासारखी काळी. मागे उंच कडा आणि त्याच्या पायथ्याशी एकमेकांना चिकटून उभे असलेले दगडी खांब. कोणीतरी तासून रचलेत असंच वाटतं! पण लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात आणि असे खांब तयार होतात. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिला असेल, तर लगेच ओळख पटेल. फक्त तिथे पायथ्याशी इमारती आहेत, इथे अटलांटिक महासागर.

आणि जपायचं आहे ते या महासागरालाच. दक्षिणेकडे हजारो किलोमीटर मोकळा समुद्र, त्यात किनाऱ्यालगतच तळ एकदम खोल होतो. चार-पाच लाटा शहाण्यासारख्या येऊन परत जातात आणि पुढची अचानक पार आतपर्यंत धावते. परतताना तिची ओढ अशी की मोठ्या माणसाचेही पाय सुटतात. पाणी तर बर्फासारखं गार. इथे पर्यटकांचे जीव गेले आहेत, म्हणूनच २०२२ मध्ये वाटेवर इशारा देणारे दिवे बसवले गेले. लाल दिवा असेल, तर खाली उतरायचंच नाही. 'एवढ्या लांबून आलोय, एकच फोटो' हा आपला आवडता हट्ट इथे चालत नाही. 'बाळा, अजून जरा मागे सरक' असं म्हणत मुलांना समुद्राकडे पाठ करून उभं करणं तर नकोच. दिवा कुठलाही असो, लहान मुलांचा हात सोडू नका.

लाल दिवा लागला म्हणून हिरमुसू नका. जवळच्या दिरहोलाय या कड्यावर जा. माझ्या मते खरा देखावा तिथूनच दिसतो : लांबवर पसरलेली काळी वाळू, समुद्रात शिरलेली दगडी कमान आणि उन्हाळ्यात रंगीत चोचीचे पफिन पक्षी. पक्ष्यांच्या विणीच्या काळात काही भाग बंद ठेवतात, तेवढं आधी पाहून घ्या. वारा मात्र जबरदस्त, गाडीचं दार धरूनच उघडा.

समुद्रात उभे असलेले सुळके मुलांना जरूर दाखवा. गलबत ओढता ओढता उजाडलं आणि राक्षसांचे दगड झाले, अशी तिथली लोककथा आहे. जूनमध्ये तिथे रात्रीही उजेड असतो, त्यामुळे जेवण उरकून, गर्दी ओसरल्यावर गेलात तरी ते स्पष्ट दिसतात.