काळा पेग

गेल्या बुधवारी मी हरलो. त्यात बातमी काही नाही, हरायची सवय आहे. पण ज्या पद्धतीने हरलो ती पद्धतच आता आमच्या लीगच्या वार्षिक सभेत चर्चेला येणार आहे, आणि सगळ्यांनी गृहीत धरलंय की माझं मत नियम बदलण्याच्या बाजूने पडणार. ते तसं पडणार नाहीये. का, ते लिहून काढणं हा या विकांताचा उद्योग.

आधी खेळ काय ते सांगतो. बार बिलियर्ड्स. "हां, स्नूकर!" असं लगेच म्हणू नका, मीही रेडिंगला आल्यावर पहिल्यांदा तेच म्हणालो होतो आणि बारमागच्या माणसाने माझ्याकडे एक ब्रिटिश कटाक्ष टाकला होता. (आपण विल्सन जोन्सच्या पुण्याचे, निदान बिलियर्ड्सचा वेगळा प्रकार तरी ओळखू यायला हवा होता.) हे टेबल एकाच बाजूने खेळायचं असतं. त्यामुळे ते भिंतीला टेकवून, कोपऱ्यात कुठेही बसतं, आणि दाटीवाटीच्या पबमध्ये ते टिकून राहिलं त्याचं एक मोठं कारण हेच. कडेला पॉकेट्स नाहीत. टेबलाच्या पृष्ठभागावरच नऊ भोकं, १० पासून २०० गुणांपर्यंतची. लाल चेंडू गेला की गुण दुप्पट. १९३० च्या दशकात हे प्रकरण बेल्जियमकडून इंग्लंडात आलं आणि मुख्यतः दक्षिणेतच राहिलं. ससेक्स, केंट, ऑक्सफर्डशर, आमचं बर्कशर वगैरे. जागतिक स्पर्धा जर्सी बेटावर होते. 'जागतिक' हा शब्द जरा उदारपणे घ्यायचा.

आता यातली खरी गंमत, म्हणजे पेग. आपल्याकडचा पेग नव्हे. टेबलावर अळिंबीसारखे लाकडी खुंटे उभे असतात, काही भागांत तीन, काही भागांत चार. त्यातला पांढरा पाडलात तर त्या खेपेला जमवलेले गुण जातात. २०० च्या भोकासमोर काळा उभा असतो. तो पाडलात तर सगळं जातं. सगळं म्हणजे त्या फ्रेममध्ये सुरुवातीपासून जमवलेलं सगळं. स्कोअर शून्य. अन्डू नाही, बॅकअप नाही.

शिवाय टायमर. नाणं टाकलं की साधारण पंधरा ते वीस मिनिटं चेंडू परत येत राहतात, मग आत कुठेतरी 'खट्' असा आवाज होतो, दांडी पडते आणि त्यानंतर भोकात गेलेला चेंडू परत येत नाही. (२०१७ साली एक पाउंडचं नवं बाराकोनी नाणं आलं तेव्हा असल्या सगळ्याच यंत्रांच्या पोटात हात घालावा लागला होता. लेगसी हार्डवेअर काय असतं ते पबमालकांना विचारा.) शेवटी एकच चेंडू उरतो. तो बाजूच्या कुशनला लावून १०० किंवा २०० मध्येच घालायचा. आळीपाळीने, जाईपर्यंत.

तर बुधवार. वैयक्तिक नॉकआउट, तिसऱ्या पबमध्ये, म्हणजे ना माझं टेबल ना त्यांचं. समोर पहिल्या डिव्हिजनमधले एक निवृत्त गृहस्थ, वय सत्तरीच्या पुढे, स्वतःचा क्यू पेटीतून आणणारे. मी तिसऱ्या डिव्हिजनचा, पबचा क्यू वापरणारा. पहिली फ्रेम सहाशेने हरलो. दुसरी, सुरुवात माझी असल्यामुळे, नऊशेने जिंकलो. तिसरीची नाणेफेक त्यांनी जिंकली, पण मोठी खेप चालू असताना त्यांच्याकडून पांढरा पेग पडला आणि मला दार उघडलं. शेवटचा चेंडू उरला तेव्हा मी २३४०, ते १९१०. चेंडू पांढरा. त्यांनी तो २०० मध्ये घातला तरी २११०. म्हणजे मी जिंकलेलो होतो. फक्त काळा पाडायचा नव्हता.

मी २०० ला गेलो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अरे, पण मग हळूच दुसरीकडे मारायचास ना!" हो. तेच करायचं असतं. पण आमच्या पबचे सहाजण खास बघायला आले होते आणि मला शेवट झोकात करायचा होता. काळा आधी डगमगला, मग, अगदी सावकाश, आडवा झाला. २३४० चं शून्य. ते गृहस्थ "हार्ड लक" म्हणाले, आणि खरंच वाईट वाटलेल्या चेहऱ्याने म्हणाले, त्यामुळे जास्तच लागलं.

दोन दिवसांत दोन प्रस्ताव आले. एक, नॉकआउटमध्ये काळ्याची शिक्षा पांढऱ्याइतकीच करावी. दोन, तीनपैकी दोन फ्रेम ही पद्धत सोडून दोन फ्रेमच्या गुणांची बेरीज करावी. प्रत्येकाची एकदा सुरुवात, नाणेफेकीचा संबंधच नाही.

दुसऱ्या प्रस्तावात माझा हितसंबंध आहे, तो आधीच जाहीर करतो: बेरीज धरली असती तर मी तिसऱ्या फ्रेमआधीच तीनशेने जिंकून घरी गेलो असतो. तरीही मी विरोध करणार. या खेळात मुरलेला माणूस एकदा टेबलाशी उभा राहिला की टायमर पडेपर्यंत हलत नाही, आणि समोरच्याने फक्त आपली बिअर बघत बसायचं. असल्या एका खेपेत पाच-सहा हजारांची आघाडी होऊ शकते. बेरजेत ती आघाडी पूर्ण सामना खाऊन टाकते, दुसरी फ्रेम खेळायची ती शिष्टाचार म्हणून. तीनपैकी दोनमध्ये मात्र सहा हजारांनी हरा नाहीतर साठांनी, गेली ती एकच फ्रेम. डेटामधला एक वेडा आकडा सरासरीची कशी वाट लावतो हे आपल्यापैकी निम्म्या लोकांनी ऑफिसात बघितलेलं आहे. तिसऱ्या डिव्हिजनच्या माणसाने पहिल्यावाल्याला गाठायची जी थोडी शक्यता आहे ती याच पद्धतीत आहे. आणि ती शक्यता नसेल तर आम्ही बुधवारी रात्री दोन बस बदलून परक्या पबमध्ये जायचं कशाला? लीगमध्ये आमची त्यांची कधी गाठच पडत नाही.

नाणेफेकीबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे. सुरुवात कोणाची याला फार वजन आहे, आणि ते एका नाण्यावर सोडणं बरोबर नाही. माझी सूचना साधी आहे: तिसऱ्या फ्रेमची सुरुवात खालच्या डिव्हिजनच्या खेळाडूला द्या. दोघे एकाच डिव्हिजनचे असतील तर उडवा नाणं. (होय, यातही माझा फायदा आहे. पहिल्या डिव्हिजनमध्ये गेलो की नव्याने विचार करीन.)

आणि काळा. तो आहे तसाच राहू द्या. नाणं कसं पडेल ते माझ्या हातात नव्हतं. शेवटचा फटका पूर्णपणे माझ्या हातात होता, मला धोका माहीत होता आणि तरी मी तो घेतला. याला दुर्दैव म्हणत नाहीत. कॅरममध्ये क्वीन कव्हर झाली नाही तर आपण नियमाला शिव्या देतो का? देतो, पण बदला म्हणत नाही. शिवाय काळ्याची भीती काढली की २०० च्या भोकाला अर्थ काय राहिला? मोठे खेळाडू सुसाट सुटतील, कारण त्यांना थांबवणारं टेबलावर तेवढं एकच आहे. त्या रात्री ते गृहस्थ प्रत्येक वेळी २०० कडे जाताना क्षणभर थांबत होते. त्या थांबण्यामुळे मी सामन्यात टिकून होतो. आणि सवलत माझ्यासारख्यांच्या नावाने मागतायत!

एक मुद्दा राहिला, जो कुणीच मांडलेला नाही. नॉकआउट नेहमी तिसऱ्याच पबमध्ये ठेवल्यामुळे ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांची पंचाईत होते. परवा शेवटची बस चुकली असती तर शून्यावर टॅक्सीचे पैसे वेगळे. पहिल्या दोन फेऱ्या तरी एकाच्या घरच्या टेबलावर होऊ द्यात. त्या पबचाही रात्रीचा गल्ला वाढेल. कोपऱ्यातलं टेबल ठेवायचं की काढून तिथे दोन जेवणाची टेबलं टाकायची, हा हिशोब मालक गल्ला बघूनच करतो.

सभा सोमवारी आहे. ते गृहस्थही येणार आहेत, आणि ऐकतो की ते काळ्याची शिक्षा कमी करायच्या बाजूने मत देणार आहेत. बहुधा माझ्यासाठीच. त्यांना हे सगळं इंग्रजीत, न चिडता, कसं सांगायचं याची तयारी अजून व्हायची आहे.