मुलाचे वय आणि फायलीचे वय

दुर्मीळ आजारांविषयी लोकसभेत प्रश्न आला, की आरोग्य मंत्रालयाच्या उत्तरात 50 लाखांचा आकडा हमखास येतो. 2021 च्या राष्ट्रीय धोरणानुसार नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत रुग्णाला तेवढ्या मर्यादेपर्यंत मदत मिळू शकते. प्रश्नकर्ते सदस्य तेवढ्यावर समाधान मानतात. मात्र पीयूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक पुरेसे न स्रवणाऱ्या मुलांपुरते बोलायचे, तर मुख्य पेच रकमेचा नसून वेळेचा आहे.

हे इंजेक्शन सामान्यतः रोज रात्री, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. मात्रा वजनावर ठरत असल्याने मूल वाढेल तसा खर्चही वाढतो. हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा थर एकदा सांधला, की नंतर कितीही निधी मंजूर झाला तरी उंची वाढत नाही.

1985 पर्यंत हे संप्रेरक मृतदेहांच्या ग्रंथींतून काढले जाई. त्यातून मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्याचे उघड होताच अमेरिकेने ते वाटप थांबविले आणि त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनविलेल्या औषधाला परवानगी दिली. औषधाची टंचाई तेथून ओसरली. आपल्याकडे उरली ती व्यवस्थेची टंचाई.

मूळ धोरणात केंद्राची 20 लाखांची मदत एकदाच कराव्या लागणाऱ्या उपचारांपुरती होती. वाढीच्या संप्रेरकाचा दुसरा गट राज्यांच्या 'विचारा'वर सोडलेला होता. आरोग्य हा राज्यसूचीतला विषय, हे कारण अशा वेळी सोयीचे पडते. 2022 मध्ये मदत सर्व गटांना लागू झाली, याचे श्रेय सरकारला द्यायलाच हवे.

परंतु केंद्रे मोजकीच आहेत. मुंबईचे केईएम त्यांपैकी एक. गडचिरोलीच्या पालकाला ते किती दूर पडते, हे सांगायला नको. एम्ससाठी खासदारांचे पत्र मागायला आलेले गावाकडचे पाहुणे दिल्लीतील मराठी घरांना नवे नाहीत. निदान केंद्रातच व्हावे, कारण त्या चाचण्या नाजूक असतात. औषध मात्र जिल्हा रुग्णालयातून का मिळू नये? ते 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते, आणि लसींसाठीची शीतसाखळी तेथवर पोहोचलेलीच आहे.

मराठी खासदारांनी पुढच्या अधिवेशनात निधीचा आकडा विचारूच नये. निदान झाल्यापासून पहिले इंजेक्शन मिळेपर्यंत किती महिने जातात, एवढे केंद्रनिहाय विचारावे.