नऊ रात्रींपुरतं शहर

यवतमाळात पाहण्यासारखं काय आहे, असं बाहेरगावच्या माणसानं विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं: नवरात्रात या. खोटं नाही ते. कोलकात्यानंतर दुर्गोत्सव आमचाच, असं यवतमाळकर छातीठोकपणे सांगतो. (हा क्रमांक कुणी लावला, ते विचारू नये.) बालाजी चौक, छोटी गुजरी, जिकडे जावं तिकडे रोषणाई, देखावे आणि मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी. शेजारच्या जिल्ह्यांतून, थेट आदिलाबादेकडूनही लोक येतात. दसरा झाला की मांडव उतरतात आणि पाहुणा आपल्या विचारातूनच जातो.

वर्षभर येणारा पाहुणा वेगळाच आहे. त्याला वाघ बघायचा असतो. तो नागपूर-हैदराबाद महामार्गानं पांढरकवड्याला येतो, सुन्ना गेटातून टिपेश्वरात शिरतो आणि आल्या वाटेनं परततो. तिथून सत्तरेक किलोमीटरवर असलेलं यवतमाळ त्याच्या गावीही नसतं. याच टिपेश्वरातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि तेराशेहून जास्त किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. जगभर बातमी झाली. आपण त्या बातमीचं काय केलं?

कळंबचंही तेच. पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागणारं चिंतामणीचं देऊळ विदर्भाला माहीत आहे. फेब्रुवारी २०२४ पासून वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वेही सुरू झाली. शकुंतला या आपल्या अरुंद रुळांच्या जुन्या रेल्वेबद्दल तर काय बोलावं! मँचेस्टरला १९२१ मध्ये घडलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. मूर्तिजापूरची ती अरुंद वाट वारसा म्हणून जपली, तर तिच्यासाठी लोक विमानानं येतील. आपण मात्र ती गाडी फक्त आठवणीत चालवतो.

नवं उद्यान, नवी कमान, सेल्फी पॉइंट यांवर पैसा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आहे तेच जोडायला हवं. टिपेश्वर पावसाळ्यानंतर उघडतं ते ऑक्टोबरात, आणि नवरात्रही बहुतेकदा त्याच सुमारास. दिवसा जंगल, रात्री देखावे, दुसऱ्या सकाळी चिंतामणी, असा बेत जुळायला आणखी काय हवं? जिल्हा नियोजन समितीनं येत्या नवरात्रात कळंब स्टेशन, यवतमाळ आणि पांढरकवडा जोडणारी एक पर्यटन बस सुरू करावी, आणि दुर्गोत्सव मंडळांनी तिचं वेळापत्रक आपापल्या मांडवाबाहेर लावावं.