समुपदेशकाला प्रमाणपत्र हवेच, पण दार बंद नको



गाडीवर चढण्याआधी लोको पायलटची वैद्यकीय तपासणी होते, त्याचे सक्षमता प्रमाणपत्र पाहिले जाते. साध्या पॉइंट्समनलाही प्रमाणपत्राशिवाय काम मिळत नाही. मग ज्याच्या हाती आपण आपले मन सोपवतो, त्या समुपदेशकाला त्याचे शिक्षण कोणी विचारायचे?

आमच्या लॉबीतील एका साथीच्या गाडीखाली माणूस आला. अशा घटना आपल्या नोकरीत नव्या नाहीत. पण त्याची झोप उडाली, हॉर्नवर हात गेला की थरथरू लागे. घरच्यांनी त्याला शहरातील एका समुपदेशकाकडे नेले. दर खेपेस फी घेऊन तो गृहस्थ एवढेच सांगे, "मन घट्ट करा." चार महिने वाया गेले. शेवटी मानसोपचारतज्ज्ञाकडे उपचार झाले, तेव्हा आमचा साथी कामावर परतला. चौकशी केली तर त्या फलकामागे काही आठवड्यांच्या वर्गापलीकडे शिक्षण नव्हते!

चिकित्सा मानसशास्त्रज्ञांसाठी १९९२ पासून भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा आहे. मान्य संस्थेतील शिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी नसताना व्यवसाय केला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. समुपदेशक मात्र अनेक वर्षे कोणत्याच नोंदवहीत नव्हते. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने त्यांना प्रथमच सूचीत घेतले. त्यात एका श्रेणीला किमान २००० तासांची पदविका वा पदवी, तर दुसऱ्या श्रेणीला किमान ३६०० तासांची पदवी लागते. कायदा झाला, पण त्याची अंमलबजावणी रखडत राहिली. फलक लावणाऱ्यांचे मात्र काही अडले नाही.

म्हणून शिक्षणाची अट हवी, असेच आपले म्हणणे आहे. परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षणातील नवे प्रवेश बंद केले. प्रत्यक्ष सरावाशिवाय हे काम शिकता येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पुस्तक वाचून इंजिन चालवता येत नाही. पण रात्रपाळी करून टपालाने पदवी घेणारा सॉर्टर, घर सांभाळून शिकणारी गँगमनची मुलगी, यांनी आता कुठे जायचे? महागड्या खासगी महाविद्यालयात? मग उद्या समुपदेशक फक्त पैसेवाल्यांच्या घरचे होतील, आणि रनिंग रूममधली रात्र किंवा सॉर्टिंगची रात्रपाळी त्यांना कधी समजणार नाही.

यातून मार्ग निघू शकतो. तात्त्विक भाग दूरशिक्षणाने आणि सराव सरकारी व रेल्वे रुग्णालयांत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, अशी सोय व्हावी. सरकारी महाविद्यालयांत संध्याकाळचे वर्ग निघावेत आणि कामगारांच्या मुलांना फीत सवलत मिळावी. वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे काम करणाऱ्या समुपदेशकांना पूरक प्रशिक्षण घेऊन नोंदणीची संधी द्यावी. आणि रेल्वे वा टपाल खात्यात जो समुपदेशक नेमला जाईल, त्याची पात्रता सूचना फलकावर लागलीच पाहिजे. शाखांनी या मागण्यांचे ठराव करून वर पाठवावेत.

तोपर्यंत एक लक्षात ठेवा. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. झोप उडालेल्या साथीला हा क्रमांक द्या. आणि कोणी पैसे घेऊन समुपदेशन करू लागला, तर त्याला न लाजता विचारा, "साहेब, तुमचे प्रमाणपत्र कुठे आहे?" आपल्याला हा प्रश्न रोज विचारला जातो. तो विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे.