मंडे ब्लूज, मेड इन खान्देश

संडेची रात्र. पिक्चर संपत आलाय, इस्त्रीचा शर्ट हँगरला लटकतोय आणि पोटात तो ओळखीचा गोळा यायला लागलाय. मंडे ब्लूज! निम्म्यांना तो बॉसमुळे येतो, उरलेल्यांना ट्रॅफिकमुळे. पण मंडळी, आमच्या जळगाव-धुळ्याकडे एक अस्सल मंडे ब्लूज आहे. मेडिकलच्या पुस्तकात छापलेला. त्याच्यासाठी कुणी सिक लीव्ह मागत नाही, कारण हा आजार आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

माझे मामा जिनिंगमध्ये होते. दिवाळीला आजोळी गेलं की सीझन नुकताच सुरू झालेला असायचा. गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या मशिनांचा धडधडाट. मामा घरी यायचे तेव्हा भुवया, मिशा, कानावरचे केस, सगळं पांढरं. 'मामा म्हातारे झाले' म्हणून आम्ही पोरं खिदळायचो. अंगावर दोन तांबे पाणी घेतलं की मामा पुन्हा जवान!

सोमवारी संध्याकाळी मात्र ते ओट्यावर बसायचे, गुडघ्यांवर कोपरं टेकून. छातीवर कुणी पोतं ठेवलंय म्हणायचे. मामी काढा द्यायची. बुधवारपर्यंत गाडी रुळावर. कुणी डॉक्टरचं नाव काढलंच तर अहिराणीत एकच उत्तर, "सवय व्हई जास." होऊन जाते सवय.

मामांचं हे वाक्य मला पुढे कित्येक वर्षं खरंच वाटायचं. खान्देशात ते कशालाही चालतं. मे महिन्यातल्या उन्हाला, हायवेच्या धुळीला, नळाला न येणाऱ्या पाण्याला. पण आपल्या इम्युन सिस्टिमला ते चालतं का? गोची तिथेच आहे.

मामांच्या सोमवारचं नाव बिसिनोसिस. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांत रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात त्याच्या पायऱ्या ठरवल्या. गंमत बघा, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि याच लँकेशायरची भूक भागवायला खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. म्हणजे कापूस इथून तिथे गेला आणि छातीचं दुखणं दोन्हीकडे सारखंच.

दोष रुईचा नाही. बोंडाखालची वाळकी पानं आणि काडीकचरा यांच्यावर बॅक्टेरिया वाढतात. त्यांच्या आवरणातला एक पदार्थ, एंडोटॉक्सिन, धुळीबरोबर छातीत जातो. आपल्या पेशींवर त्याला ओळखणारी खास घंटी बसवलेली आहे, टीएलआर-४ नावाची. ती शोधल्याबद्दल ब्रूस बॉयटलर यांना २०११च्या मेडिसिनच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. घंटी वाजली की पांढऱ्या पेशी धावत येतात, श्वासनळ्या सुजतात, आवळतात. ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे. त्यामुळे सर्दी-शिंकांची गोळी इथे फारशी कामाला येत नाही.

मग सोमवारच का? कारण घंटी रोज वाजली की पेशी थोड्या गप्प होतात. मंगळवारी त्रास कमी, बुधवारी आणखी कमी. रविवारी सुट्टी मिळाली की त्या पुन्हा ताज्यातवान्या, आणि सोमवारी पहिल्याच श्वासाला पूर्ण जोरात बोंब! यालाच मामा 'सवय' म्हणायचे.

पण गप्प होणं म्हणजे बरं होणं नाही. शिलिंगच्या पायऱ्या वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आधी अधूनमधून एखादा सोमवार. मग प्रत्येक सोमवार. मग सोमवारबरोबर इतर वारही. शेवटच्या पायरीवर दम लागतो तो कायमचाच. बिडी-सिगरेट असेल तर ही उतरण आणखी जलद.

'सवय' या शब्दाची उलटी बाजूही खान्देशात, खरं तर महाराष्ट्रभर, रस्त्याच्या कडेला उगवते. गाजरगवत! १९५५च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि मग ते देशभर पसरलं. माणूस वर्षानुवर्षं ते उघड्या हाताने उपटतो, काही होत नाही. मग एखाद्या पावसाळ्यानंतर पापण्या सुजतात, मान, गळा आणि कोपराच्या घड्या खाजून लाल होतात. गवतातल्या पार्थेनिन या रसायनाची ओळख शरीरातल्या टी-पेशींनी मनात ठेवलेली असते. या पेशी दोस्ती विसरतील, दुश्मनी विसरत नाहीत. एकदा खूणगाठ बसली की पुढे वाऱ्यावर उडालेला वाळका चुराही पुरतो. इथे जितका जास्त संपर्क, तितका धोका मोठा. सोसायटीच्या श्रमदानात हीरोगिरी करायची असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि गवत फुलावर येण्याआधीचा मुहूर्त, एवढं पाळा.

मग सवय कधीच होत नाही? होते. पण तिचं वय ठरलेलं असतं. अमेरिकेतल्या शेतकरी मुलांवरचा एक अभ्यास २०१६ साली गाजला होता. आमिश आणि हटेराइट, दोन्ही समाज मूळचे युरोपातले, राहणी साधी. आमिश पोरं घराला लागून असलेल्या गोठ्यात बागडतात. हटेराइटांची शेती मोठ्या यंत्रांची आणि घरापासून लांब. शाळकरी मुलांमध्ये दम्याचं प्रमाण आमिशांत सुमारे ५ टक्के, हटेराइटांत सुमारे २१ टक्के. आमिशांच्या घरातल्या धुळीत एंडोटॉक्सिन मात्र जवळजवळ सातपट!

हो, तेच एंडोटॉक्सिन. मामांच्या छातीवर बसलेलं. लहानपणी, घरगुती डोसमध्ये, गाई-गुरांबरोबर मिळालं की ते इम्युन सिस्टिमची शिकवणी घेतं. मोठेपणी, बंद शेडमध्ये, आठ-आठ तास मिळालं की तिचा छळ करतं. 'आम्ही मातीत वाढलो, आम्हाला काही होत नाही' हे छातीठोक वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं महाग पडतं.

शहरी धुळीला तर शिकवणीचा गुणही नाही. केंद्राच्या २०१९च्या नॅशनल क्लीन एअर प्रोग्रॅममध्ये हवा सुधारायची म्हणून जी शहरं निवडली, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर जळगावचंही नाव आहे. हवेतल्या पीएम-१० कणांची आपली वार्षिक मर्यादा ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१पासून १५. डिझेलचा धूर या धुळीत मिसळला की ज्याला परागकणांची अ‍ॅलर्जी आहे त्याची रिअ‍ॅक्शन आणखी भडकते. दिवाळीला घरी गेल्यावर तुमचं नाक वाहायला लागलं तर 'शहरात जाऊन नाजूक झाला' हा काकांचा टोमणा हसून सोडून द्या. पण काकांचा खोकला सोडू नका.

करायचं काय? पहिली गोष्ट फुकट आहे. कॅलेंडर घ्या आणि त्रासाचा वार लिहा. कामाच्या दिवशी वाढतो आणि सुट्टीत कमी होतो, असं तीन-चार आठवडे दिसलं तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. हे जिनिंगवाल्यालाही लागू आणि एसी ऑफिसात सोमवारी छाती जड होणाऱ्या तुम्हालाही. डॉक्टरांना नुसतं 'खोकला आहे' म्हणू नका, काम काय करता ते सांगा. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याने सोमवारी कामाआधी आणि कामानंतर पीक फ्लो मीटरमध्ये फुंकर मारली तर फरक आकड्यात दिसू शकतो. तोंडाला गुंडाळलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही, नीट बसणारा एन-९५ बऱ्यापैकी अडवतो. आणि खरा इलाज मास्क नाहीच, धूळ जागेवर ओढून घेणारी यंत्रणा आहे. अमेरिकेत १९७८ साली गिरण्यांतल्या कापूसधुळीवर कायद्याने मर्यादा घातली आणि काही वर्षांतच रुग्ण झपाट्याने घटले. म्हणजे हा आजार नशिबाचा नाही, बंदोबस्ताचा आहे.

मामांच्या वेळी घरात कुणालाच यातलं काही माहीत नव्हतं. जिनिंग सुटून त्यांना बरीच वर्षं झाली. आता अंगणातून ओट्यावर चढतानाही मध्ये एकदा थांबतात. मागच्या दिवाळीला मी शेजारी बसलो आणि विचारलं, "मामा, आज कसं वाटतंय?"

"आज वार कोणता?" त्यांनी दम घेत विचारलं.

"रविवार."

मामा हसले. "माले तं सोमवारच वाटस."