सवलत गाडीला, प्लग कोणाला?

विजेवर चालणारी मोटारगाडी घेऊन मला तीन महिने झाले. नागपूरच्या कोर्टात आणि वस्तीत भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "वकीलसाहेब, गाडी कशी आहे?" गाडी चांगली आहे. मात्र या तीन महिन्यांत गाडीपेक्षा तिच्या प्लगने मला जास्त विचार करायला लावले, म्हणून हा लेख.

आधी गाडीबद्दल. इंजिनाचा आवाज नाही, क्लच नाही, गिअर नाही. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी उचलते. पाय काढला की वेग आपोआप कमी होतो आणि त्यातून थोडी वीज बॅटरीत परत जाते. एसी लावला किंवा महामार्गावर वेग वाढवला की कंपनीने सांगितलेले अंतर काही पुरे होत नाही. शंभर किलोमीटरला साधारण पंधरा युनिट वीज लागते. घरगुती मीटरला वरच्या स्लॅबचा दर लागला, तरी पेट्रोलच्या निम्म्याहून कमी खर्च येतो. मात्र हा हिशेब घरी चार्जिंग करणाऱ्याचा आहे. बाहेरच्या चार्जरवर दर जास्त, प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे आणि मशीन चालू असेलच याची खात्री नाही.

घरी प्लग बसवणेही सोपे गेले नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीने आधी नकार दिला. आग लागेल, बिल कोण भरणार, उद्या सगळेच मागतील, अशी कारणे सांगितली. वास्तविक पाहता विद्युत (ग्राहक हक्क) नियम, २०२० मध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली असून, गाडी चार्ज करण्यासाठी ग्राहकाला स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. घरातील चालू जोडणीवरही गाडी चार्ज करता येते, असे केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मी एका पानाचे पत्र दिले, त्यात नियमाचा उल्लेख केला आणि परवानगी मिळाली. आगीची भीती अगदीच खोटी नाही. त्यासाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियन, स्वतंत्र एमसीबी आणि पक्के अर्थिंग हवेच. ज्या वाचकांना असा नकार मिळाला असेल, त्यांनी अर्ज लेखी द्यावा आणि नकाराचे कारणही लेखी मागावे.

पण ज्याच्याकडे पार्किंगच नाही, त्याने कोणता अर्ज करायचा? वस्तीत दोन खोल्यांचे घर, समोर चार फुटांची गल्ली, त्यातही कित्येक जण भाड्याने राहणारे. ई-रिक्षा चालवणारा आमचा भाऊ आणि घरोघरी पार्सल पोहोचवणारा पोरगा यांचे पोट बॅटरीवर चालते. माझ्यासारख्याला या गाडीने पैसे वाचतात, त्यांची मात्र त्यावर चूल पेटते. तरीही ते खिडकीतून वायर काढून, जीव मुठीत धरून चार्जिंग करतात.

आता सवलती पाहा. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. लहान पेट्रोल गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना पूर्ण टोलमाफी जाहीर झाली. त्याच वर्षी जानेवारीत एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होते. म्हणजे मोटारवाल्याला टोल माफ आणि एसटीने बाजाराला जाणाऱ्या मावशीला भाडेवाढ! सवलतीचा लाभ मलाही मिळतो आहे, म्हणूनच हे बोलणे मला भाग आहे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. वीज मुबलक आणि स्वस्त असावी, तिच्या बळावर उद्योग वाढावेत आणि या देशातील माणूस दारिद्र्यातून सुटावा, ही त्यांची भूमिका होती. शासनाच्या प्रत्येक वीजधोरणाला आपण हीच कसोटी लावली पाहिजे.

माझ्या गाडीला धुराडे नाही, हे खरे. पण नागपूरच्या शेजारी कोराडी आणि खापरखेड्याला कोळशाच्या विजेची धुराडी उभी आहेत. त्यांची राख आजूबाजूच्या गावांच्या वाट्याला येते. या गाडीला इंजिन ऑइल लागत नाही, क्लचप्लेट लागत नाही. ग्राहकाला हे बरे, पण रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या आमच्या पोरांनी उद्या काय दुरुस्त करायचे?

म्हणून महापालिका आणि शासनाकडे आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. मॉल आणि हॉटेलांच्या आधी वस्तीच्या तोंडाशी, रिक्षा स्टँडवर आणि समाजमंदिराच्या मोकळ्या जागेत माफक दराची सुरक्षित चार्जिंग केंद्रे उभारा. ती चालवण्याचे काम वस्तीतील बचत गटांना द्या. मोटारींच्या आधी एसटीच्या आणि शहर बसच्या इलेक्ट्रिक गाड्या वाढवा. गॅरेजमधील कामगारांना आयटीआयमध्ये बॅटरी आणि मोटर दुरुस्तीचे मोफत प्रशिक्षण द्या. वॉर्डावॉर्डांतील कार्यकर्त्यांनी ही निवेदने महापालिकेचे पुढील अंदाजपत्रक मांडले जाण्यापूर्वी दिली पाहिजेत. एकदा पैसा वाटला गेला की आपल्या हाती फक्त निषेधाचे पत्रक उरते.